काळ्या जमिनीवरचे मोठे आवार ढकलायच्या लॉनमोवरने कसे कापावे

मृगाच्या सरी पडून दहा-बारा दिवस झाले की खानदेशातली मोकळी जागा ओळखू येत नाही. मे महिन्यात भेगाळलेली, पायाला चटके देणारी काळी जमीन हिरवी होते आणि मळ्यातल्या घराभोवतीचे, शाळेचे किंवा खळवाडीचे आवार श्रावण लागेपर्यंत गुडघाभर गवताने भरून जाते. मग श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाच्या रोटांसाठी भाऊबंद जमायचे असतात, लेकरे बाहेर खेळणार असतात, आणि दोन महिने वाढू दिलेले गवत एका दिवसात, ओल्या जमिनीवर, बोथट पात्याने कापायला घेतले जाते. त्यात यंत्र बिघडते, जमिनीत चर पडतात आणि कापणाऱ्याची कंबर धरते. दहा गुंठ्यांपासून अर्ध्या एकरापर्यंतचे आवार मागून चालत ढकलायच्या यंत्राने नीट कापता येते, असा माझा अनुभव आहे. मात्र आपल्याकडे गवताची उंची पाहण्याआधी जमिनीचा वाफसा, म्हणजे ओल बेताची झाली आहे का ते, पाहावा लागतो.

आधी किती चालायचे आहे ते काढावे

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. दहा गुंठ्यांचे आवार साधारण १,०१० चौरस मीटर भरते. २१ इंची, म्हणजे ५३ सेंटिमीटर रुंद पात्याचे यंत्र घेतले आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर दहा सेंटिमीटर चढवला, तर एका फेरीत प्रत्यक्ष ४३ सेंटिमीटर रुंदी कापली जाते. या हिशेबाने दहा गुंठ्यांसाठी जवळजवळ २.३५ किलोमीटर आणि अर्ध्या एकरासाठी ४.७ किलोमीटर चालावे लागते. ताशी तीन किलोमीटरच्या बेताच्या चालीने दहा गुंठ्यांना पाऊण तास लागतो. वळणे, थांबणे आणि अडकलेले गवत काढणे धरून सव्वा तास समजावा. हा हिशेब आधी केला की काम एका सकाळी करायचे की दोन सकाळींत वाटून घ्यायचे, हे घरी बसूनच ठरते. अर्ध्या एकराचे काम मी दोन दिवसांतच करावे असे म्हणेन, कारण थकलेला माणूस शेवटच्या अर्ध्या तासात यंत्र स्वतःच्या पायाकडे ओढू लागतो आणि त्यातून दुखापत होऊ शकते.

यंत्र कोणते घ्यावे

ढकलायची यंत्रे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात इंजिन नसते. चाके फिरली की त्यांच्याबरोबर वळणदार पात्यांचे रीळ फिरते आणि खालच्या स्थिर पात्यावर गवत कात्रीसारखे कापले जाते. इंग्लंडमधील स्ट्राउड परिसरातल्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव सारखी छाटणारे यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. धुळे-अमळनेरकडच्या ज्या जुन्या माणसांनी गिरणीतली यंत्रे जवळून पाहिली आहेत, त्यांना या यंत्राचे मर्म लगेच कळते: दोन्ही पाती जेमतेम स्पर्श करतील इतकी जुळलेली असावीत. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी मध्ये धरून रीळ हाताने सावकाश फिरवावे. कागद स्वच्छ कापला गेला तर जुळणी बरोबर आहे, दुमडला किंवा फाटला तर स्क्रू फिरवून पाती जवळ आणावीत.

रिळाचे यंत्र दूर्वांच्या, म्हणजे हरळीच्या, नियमित कापलेल्या हिरवळीवर उत्तम चालते. पण पावसात मोकाट वाढलेल्या आवारात कुंदा, मारवेल आणि कुसळी यांची ताठ काडी त्याच्यापुढे वाकते आणि यंत्र पुढे गेले की पुन्हा उभी राहते. म्हणून मोठ्या आणि मिश्र गवताच्या आवारासाठी आडवे फिरणारे पाते असलेले पेट्रोलचे यंत्र घ्यावे. हे पाते गवत कात्रीसारखे कापत नाही, वेगाने फटका मारून तोडते. त्यामुळे त्याला धार नसेल तर गवत चिंधड्या होऊन तुटते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आवारावर पांढरट-तपकिरी छटा दिसते. तशी छटा दिसली की दोष उन्हाला देण्याआधी पाते तपासावे.

जमीन तयार आहे का ते पाहावे

आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून फाटते. ओल असताना यंत्राच्या चाकाखाली जो चर पडतो, तो आठ दिवसांच्या उघडिपीत विटेसारखा कडक होतो आणि पुढच्या प्रत्येक कापणीत चाक त्यातच घसरते. शिवाय चिकट माती चाकांना लागून यंत्राचे वजन वाढते आणि ओले गवत पात्याभोवतीच्या आवरणात लगद्यासारखे बसते. शेतात कोळपे घालण्याआधी आपण जशी मूठभर माती हातात घेतो, तशीच येथेही घ्यावी. दाबल्यावर तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो सुटा व्हावा. बोटांना चिकटत असेल तर अजून एक-दोन दिवस थांबावे. झडीच्या दिवसांत वाफसा फार थोडा वेळ मिळतो, म्हणून यंत्र आधीच तयार ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी दव ओसरल्यावर, साधारण साडेआठनंतर सुरुवात करावी आणि ऊन चढायच्या आत थांबावे. उरलेले काम संध्याकाळी पाचनंतर करावे. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी कापलेले गवतही करपते आणि माणूसही.

आवार पायाखालून घालावे

यंत्र बाहेर काढण्याआधी हातात काठी घेऊन संपूर्ण आवार सावकाश फिरावे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु मी ते कधीही टाळत नाही. दगड, विटांचे तुकडे, बांधायची तार आणि संक्रांतीनंतर झाडांवरून खाली आलेला मांजा गोळा करावा. मांजा एकदा पात्याच्या दांड्याभोवती गुंडाळला की तो काढायला अर्धा तास जातो. लिंबाच्या आळ्याभोवती ठिबकच्या नळ्या गवतात दिसेनाशा झालेल्या असतात. एका आषाढात माझ्या यंत्राने अशी नळी तीन ठिकाणी कापली होती आणि ते पाणी सुरू केल्यावरच लक्षात आले. तेव्हापासून मी प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना कापडाची पट्टी बांधलेली काठी रोवतो. उन्हाळ्यातल्या भेगा पूर्ण बुजल्या नसतील तर त्यांत माती भरावी, नाहीतर पुढचे चाक त्यात अडकून पाते थेट जमिनीवर आपटते.

काठी आपटत चालण्याचे आणखी एक कारण आहे. उंच गवतात नाग, घोणस आणि मण्यार यांचा वावर असतो आणि जमिनीचा हादरा जाणवला की बहुतेक साप स्वतःहून दूर जातात. पायात जाड बूट आणि पूर्ण लांबीची जाड पँट असावी. टिटवी उघड्या जमिनीवरच, खड्यांच्या मध्ये, बहुधा चार अंडी घालते आणि तिच्या अंड्यांच्या जागेवरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसे आपल्याकडे आजही आहेत. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली तर तेवढी जागा खुणा करून सोडून द्यावी. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच चालू लागतात, मग ती जागा कापता येते.

याच फेरीत गाजर गवत दिसेल. ते यंत्राने कापू नये. कापलेल्या बुडातून ते पुन्हा फुटते आणि जमिनीलगतच फुलते. फुलोऱ्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. अनेकांना त्याच्या स्पर्शाने आणि परागकणांनी त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो.

उंची टप्प्याटप्प्याने उतरवावी

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये, हा नियम सर्वत्र पाळला जातो आणि त्यामागे स्पष्ट कारण आहे. पान हेच गवताचे अन्न तयार करण्याचे साधन आहे. ते एकदम गेले तर मूळ खंगते, जमीन उघडी पडते आणि त्या उघड्या जागेत लव्हाळा व गाजर गवत आधी शिरते. आवार सहा सेंटिमीटरवर ठेवायचे असेल तर गवत नऊ सेंटिमीटर झाले की कापावे. श्रावण-भाद्रपदात त्यासाठी दर आठ-दहा दिवसांनी फेरी लागते, दिवाळीनंतर महिन्यातून एखादी पुरते.

गुडघाभर वाढलेल्या गवतावर हा नियम काटेकोरपणे पाळायचा तर चार-पाच कापण्या कराव्या लागतील आणि तेवढा वेळ कोणाजवळ नसतो. अशा वेळी पहिली कापणी विळ्याने करावी. ते गवत जनावरांना घालता येते, मात्र त्यात गाजर गवत मिसळलेले नाही याची खात्री करावी. विळ्याने दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत आणल्यावर यंत्राची उंची ठरवणारी तरफ सर्वांत वरच्या खाचेत ठेवून पहिली फेरी घ्यावी आणि आठवड्याने एक-दोन खाचा उतरवून दुसरी. मधल्या आठवड्यात आवार पिवळसर दिसते. त्याला इलाज नाही, आणि ते भरून येते.

यंत्र सुरू करण्यापूर्वी

यंत्र सपाट जागी ठेवून इंजिन ऑइल पट्टीवर तपासावे. आपल्या उष्ण हवेत बहुतेक लहान चार-स्ट्रोक इंजिनांना एसएई ३० या जाडीचे ऑइल चालते, तरी यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच घालावे. एअर फिल्टर दर दोन कापण्यांनी पाहावा, कारण उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर आपल्याकडची धूळ स्पंजात लवकर भरते. स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवावा. पेट्रोल इंजिन थंड असतानाच भरावे.

पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करावी. हे कधीही विसरू नये, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन सुरू होऊ शकते. यंत्र कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवावी, म्हणजे ऑइल फिल्टरमध्ये उतरत नाही. पाते आणि आवरण यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घालून बोल्ट सोडवावा, कानशीने मूळ कोनातच धार लावावी आणि भिंतीतल्या खिळ्यावर पाते मधल्या भोकातून टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकत असेल तर ती जड आहे. तिचे थोडे धातू घासावे. असमतोल पाते इंजिनचा दांडा थरथरवते आणि काही महिन्यांत दुरुस्तीचा मोठा खर्च उभा करते.

प्रत्यक्ष कापणी

आवाराच्या ज्या दोन बाजूंना वळायचे आहे, तेथे आधी दोन-दोन पट्टे कापून वळायला जागा करावी. त्यानंतर घराच्या बाजूने सुरुवात करून समांतर पट्ट्यांनी कुंपणाकडे किंवा बांधाकडे सरकत जावे. चारही कडांनी गोल फिरत मध्ये येण्याची सवय पुष्कळांना आहे, पण तशाने बेडूक, सरडे आणि साप मधल्या उभ्या गवतात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत ते पायांत येतात. घराकडून बांधाकडे गेल्यास त्यांना निघून जायला वाट राहते.

चाल एकसारखी ठेवावी आणि हात कोपरात किंचित वाकलेले ठेवून अंगाच्या वजनाने ढकलावे. इंजिनाचा आवाज जड झाला की थांबू नये. पट्ट्याची रुंदी अर्धी करावी. यंत्र मागे ओढणे टाळावे. उतार असेल तर उताराला आडवे चालावे. लेकरे आणि जनावरे यांना किमान पंधरा मीटर दूर ठेवावे, कारण पात्याखाली आलेला खडा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. म्हणून चष्मा स्वतःलाही आवश्यक आहे. आवरणात गवत अडकले तर इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, काडीनेच काढावे. अर्ध्या तासाने सावलीत बसावे, पाणी किंवा ताक प्यावे. पुढच्या कापणीत पट्ट्यांची दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे गवत एकाच बाजूला झोपत नाही आणि चाकेही त्याच जागी पुन्हा पुन्हा जात नाहीत.

कापल्यानंतर

बारीक कापलेले गवत पातळ पसरले असेल तर ते तेथेच राहू द्यावे, आठवड्याभरात मातीत जिरते. जाड ओळी पडल्या असतील तर दाताळ्याने ओढून केळीच्या किंवा लिंबाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून आच्छादन म्हणून घालावे. उन्हाळ्याच्या तोंडावर हेच आच्छादन ओल धरून ठेवते. बी धरलेले कुसळी गवत मात्र आच्छादनात घालू नये.

यंत्र थंड झाल्यावर आवरणाच्या आतले गवत लाकडी पट्टीने खरवडून काढावे. काळी माती चिकटून वाळली तर पत्रा गंजतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते, म्हणून दिवाळीनंतर यंत्र दीर्घकाळ ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत ते चालू द्यावे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास, कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधायला घरची माणसे आवारात येतात तेव्हा, यंत्र बाहेर काढून पात्याला धार लावून घ्यावी. त्यानंतर मृगाला महिना-दीड महिनाच उरलेला असतो.