बँक, फॉर्म आणि व्हिडिओ कॉल: एवढ्यापुरता कॉम्प्युटर कसा निवडावा

काही वर्षांपूर्वी आत्यासाठी मी कोरा करकरीत लॅपटॉप आणून दिला. किंमत कमी, वजन कमी, रंगही तिला आवडला. वर्षभरात बँकेचं पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा, आणि विंडोजचं अपडेट आलं की ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून गाडी तिथेच अडायची. चूक माझीच. किमतीची पाटी वाचली होती, आतलं सामान वाचलं नव्हतं. त्यानंतर नातेवाइकांसाठी जेवढी यंत्रं घेतली, ती पुढच्या क्रमाने घेतली.

१. कामांची यादी करा

कागदावर खरोखर लिहा. सातबारा काढणं, रेल्वेचं तिकीट, बँक, मुलांचे प्रवेशाचे फॉर्म, परदेशातल्या लेकीशी व्हिडिओ कॉल, यूट्यूब. यातलं निम्मं फोनवरही होतं. अडतं ते लांबलचक फॉर्म भरताना, नाहीतर फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवून अपलोड करताना. ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात आणि त्यासाठी फार ताकदवान यंत्र लागत नाही. यादीत व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम असतील, तर मात्र हा हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही.

२. लॅपटॉप की डेस्कटॉप?

गावाकडे लोडशेडिंग असेल तर लॅपटॉपच घ्या. डेस्कटॉपला यूपीएसचा वेगळा खर्च येतो. वीज भरवशाची असेल आणि यंत्र एकाच टेबलावर राहणार असेल, तर ऑफिसांतून निघालेले पुस्तकाएवढे मिनी पीसी मिळतात. एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला जोडला की मॉनिटरचा खर्च वाचतो. फक्त कॅमेरा आणि माइक वेगळे घ्यावे लागतात, हे व्हिडिओ कॉलवाल्यांनी विसरू नये.

३. नवा स्वस्त की जुना दणकट?

माझं मत स्पष्ट आहे: बजेट वीस हजारांच्या आसपास असेल तर ऑफिसात वापरलेला, दुकानदाराने दुरुस्त करून विकायला ठेवलेला लॅपटॉप घ्या. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही मुळात महागडी, रोज वापरायला बांधलेली यंत्रं. कीबोर्ड उत्तम, बिजागरी भक्कम, आणि बहुतेकांची रॅम (चालू कामांची तात्पुरती जागा) व डिस्क (फाइलींचा कायमचा साठा) स्क्रू काढून बदलता येते. अगदी स्वस्त नव्या लॅपटॉपात काटकसर नेमकी याच ठिकाणी केलेली असते.

आत्याच्या लॅपटॉपात डिस्कच्या जागी ६४ जीबीचं ईएमएमसी होतं. हा साठा मदरबोर्डवरच डकवलेला असतो, एसएसडीपेक्षा (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कपेक्षा) संथ असतो आणि बदलता येत नाही. विंडोज ११ लाच किमान ६४ जीबी जागा लागते, मग अपडेट मावणार कुठे? म्हणून पहिला प्रश्न ब्रँडचा नको, डिस्कचा हवा: एसएसडी आहे का, आणि किमान २५६ जीबी आहे का. फिरती हार्ड डिस्क असलेलं यंत्र दुकानदार ‘एक टीबी आहे, एक टीबी’ म्हणून गळ्यात मारतो. बँकेच्या पानाला एक टीबी काय करायचाय? एसएसडी नसेल तर पुढे व्हा.

दुसरा प्रश्न रॅमचा. ८ जीबी घ्या. ४ जीबीवर विंडोज ११ चालू होतं, पण ब्राउझरमध्ये चार टॅब आणि एक व्हिडिओ कॉल झाला की धापा टाकतं.

तिसरा प्रश्न प्रोसेसरचा, म्हणजे यंत्राच्या मेंदूचा. ‘आय-७ आहे साहेब’ या वाक्याला भुलू नका. कितव्या पिढीचा ते विचारा. मॉडेल नंबरातच उत्तर असतं: इंटेल कंपनीचा आय-५ ८२५०-यू म्हणजे आठवी पिढी, आय-७ ७५००-यू म्हणजे सातवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पाहायचे. गंमत अशी की या दोघांत आय-५ लाच चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत, आय-७ ला दोनच. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या यादीत विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची यंत्रंच बसतात. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आठव्या पिढीआधीची यंत्रं फार स्वस्तात समोर येतात. बँकेचे व्यवहार करायचे असतील तर त्या स्वस्ताईत अडकू नका.

नवाच हवा असेल तर दोन कोअरचा सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर) टाळा. इंटेलचा एन-१०० हा चार कोअरचा प्रोसेसर आपल्या यादीला पुरतो.

४. दुकानात पंधरा मिनिटं बसा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानात, यंत्र सुरू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा नंबर, रॅम आणि डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क, हे सगळं दिसतं. दुकानदाराच्या चिठ्ठीशी ताडून पाहा.

मग आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडा, चार्जर काढा आणि यूट्यूब लावा. पंधरा मिनिटांत बॅटरी चाळीस टक्क्यांनी उतरली तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागा. तोवर नोटपॅडमध्ये एकेक बटण दाबून पाहा, कॅमेरा उघडा, पडदा दोन-तीनदा उघडझाप करा. पडदा फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा असेल तर फॉर्म वाचायला बरं पडतं.

एक गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत. कंपनीने काढलेली काही यंत्रं अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेली असतात. विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडलं की ती जुन्या ऑफिसचं लॉगिन मागतात, आणि ते आपल्याकडे नसतं. दुकानदाराला आपल्यासमोर रीसेट करून द्यायला सांगा. बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड नाही हेही पाहून घ्या. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी वॉरंटी पायरी उतरेपर्यंतच टिकते.

५. विंडोजच हवं का?

घरात सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यात एसएसडी बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका, किंवा गुगलची क्रोमओएस फ्लेक्स. दोन्ही फुकट आहेत आणि ब्राउझरची कामं निमूट करतात. पण डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा डोंगल किंवा बोटांचे ठसे घेणारं यंत्र जोडायचं असेल तर विंडोजच ठेवा, उगाच डोकेफोड नको.

६. घरी आणल्यावर

आधी सगळी अपडेट घ्या. अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही, विंडोजचा डिफेंडर पुरतो. पत्रं आणि हिशेबाला लिबरऑफिस मोफत आहे. सेटिंगमध्ये भाषेच्या पानावर जाऊन मराठी कीबोर्ड जोडा. ज्येष्ठांसाठी घेत असाल तर अक्षरांचा आकार १२५ टक्के करा आणि त्यांच्या बँकेचं खरं पान बुकमार्क करून ठेवा, म्हणजे ते शोधायला दर वेळी गुगलवर जावं लागणार नाही. शोधातून कधीकधी बनावट पानं वर येतात. आत्याच्या पडद्यावर आता तीनच खुणा आहेत: बँक, सातबारा आणि लेकीचा कॉल.