फाल्गुनराव उभा करताना

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'मधला संशयी नवरा फाल्गुनराव मी सांगलीच्या आमच्या हौशी मंडळातून आजवर सात वेळा केला आहे. विनोदी भूमिका प्रथमच हाती घेणाऱ्यांना सांगण्याजोगे माझ्याकडे जे काही आहे, ते बहुतेक या एका भूमिकेने शिकवलेले आहे.

या नाटकाचे बीज लांबून आले आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनाचा धागा घेऊन आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले, त्यावरून देवलांनी आधी गद्य नाटक लिहिले आणि पुढे त्यात पदे घातली. गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत रूप १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले, तेव्हा गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले होते. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देणाऱ्या देवलांनी पात्रांच्या तोंडची भाषाही अशी घरगुती ठेवली आहे की मूळ परके आहे याची शंकासुद्धा येत नाही. (देवल आमच्या शेजारच्या हरिपूरचे, हे सांगितल्यावाचून सांगलीकराला राहवत नाही.)

रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेवढेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीकडून पडलेली, तिचा प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर मग कृत्तिकेला सापडते आणि परक्या पुरुषाची तसबीर निरखणारी बायको पाहून फाल्गुनरावाच्या संशयाला पुरावा मिळतो. या जागी नवा नट डोळे वटारतो, आवाज चढवतो आणि हातवारे करतो. मीही पहिले तीन आठवडे तेच करत होतो आणि तालमीला बसलेली मंडळी सौजन्याने हसत होती. अखेर दिग्दर्शकांनी मला माझ्या नोकरीविषयी विचारले. मी हिशेब तपासनीस आहे. खोटे व्हाउचर हाती लागले की मी ओरडत नाही. उलट माझा आवाज खाली येतो, मी कागद उजेडाकडे धरतो, उलटा करून पाहतो आणि समोरच्याला अगदी साधा प्रश्न विचारतो. तसबीर त्याच पद्धतीने तपासायला लागलो त्या रात्री प्रॉम्प्टरच इतका हसला की पुढचे वाक्य द्यायचे विसरला. फाल्गुनरावाच्या लेखी हा विनोद नाही, संसार बुडण्याची वेळ आहे, एवढे मला तेव्हा समजले.

प्रयोगात हाताळायच्या वस्तू पहिल्या आठवड्यातच मागून घ्याव्यात. आम्ही तालमीत तसबीर म्हणून मोबाइल वापरत होतो आणि परिणामी रंगीत तालमीत खऱ्या तसबिरीवरून माझा अंगठा सवयीने वर सरकला. एकोणिसाव्या शतकातला गृहस्थ तसबीर 'स्क्रोल' करताना पाहून कृत्तिकेचे काम करणाऱ्या ताईंना पदराआड तोंड लपवावे लागले.

पगडीचा प्रसंग याहून महत्त्वाचा आहे. भाड्याने आणलेली पगडी मला सैल होत होती आणि दुसऱ्या प्रयोगात मी तसबिरीवर वाकलो असता ती थेट डोळ्यांवर आली. मी चिडून ती मागे ढकलली, पुन्हा वाकलो, ती पुन्हा खाली आली आणि नाट्यगृह दणाणून गेले. साहजिकच तिसऱ्या प्रयोगात मी ती मुद्दाम पाडली. कोणीही हसले नाही. त्यावर मी बराच विचार केला. पहिल्या वेळी पगडी माझ्या आणि पुराव्याच्या मध्ये येत होती म्हणून मी खरोखर वैतागलो होतो. दुसऱ्या वेळी पगडी पाडतानाच माझी नजर हशा शोधत प्रेक्षकांकडे गेली होती. अपघाताने मिळालेला हशा पुन्हा हवा असेल, तर त्यामागचा वैताग पुन्हा आणावा लागतो आणि ते जमत नसेल, तर पगडी घट्ट बांधून घेणे बरे.

हशा आल्यावर पुढचे वाक्य केव्हा टाकावे, हा प्रश्न सगळेच नवोदित विचारतात. हशा चढत असताना बोललात, तर वाक्य वाया जाते आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबलात, तर प्रसंग बसकण मारतो. तो उतरणीला लागला की बोलावे. तोवर गप्प राहायचे म्हणजे रिकामे उभे राहायचे नव्हे. मी त्या वेळात कृत्तिकेचा चेहरा वाचत राहतो.

संगीत नाटकात आणखी एक अडचण असते, जिची कल्पना मला कोणी दिली नव्हती. आमच्या प्रयोगात माझ्या वाट्याला एकही पद नव्हते, पण अश्विनशेठच्या पदाला वन्समोअर मिळाला की विंगेत एन्ट्रीसाठी तापून उभा असलेला माझा संशय पाच-पाच मिनिटे थंड होत असे. आता मी त्या वेळात कोणाशीही बोलत नाही. मागच्या प्रयोगात असाच थांबलो असताना ताईंनी हळूच विचारले, "चहा सांगू का तुम्हाला?" मी मानेनेच नको म्हटले आणि मनात आले, ही आज इतकी गोड का बोलते आहे? तेवढ्यात पद संपले आणि मी तोच विचार घेऊन रंगमंचावर गेलो.