अकरा मारुती दोन दिवसांत: कराडहून निघणाऱ्यांसाठी

समर्थ रामदासांनी स्थापन केलेले अकरा मारुती करायला निघालेली पोरं पहिली चूक यादीतच करतात. अकरांची गावं सांगणाऱ्या अभंगातला क्रम पाठ असतो, तोच मोबाइलमध्ये टाकतात आणि चाफळ, उंब्रज करून थेट पारगाव गाठतात, मग परत मसूरला येतात. अभंग मोजण्यासाठी आहे, रस्त्यासाठी नाही. सरळ हिशेब असा: सात मारुती सातारा जिल्ह्यात (शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, चाफळचे दोन, शिंगणवाडी), दोन सांगलीत (शिराळा, बहे) आणि दोन वारणेपलीकडे कोल्हापुरात (पारगाव, मनपाडळे). मुक्काम कराडात ठेवायचा, पहिल्या दिवशी वरचे सात, दुसऱ्या दिवशी खालचे चार. कराड ते कराड सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

एका दिवसात अकरा होतात का? होतात. पण मग दुपारी बारा ते चारच्या मधले तीन-चार मारुती बंद दाराच्या जाळीतूनच बघावे लागतात. ही गावातली देवळं आहेत. पुजारी नैवेद्य दाखवतो, गाभारा ओढून घेतो आणि जेवायला किंवा रानात जातो. त्याला बोलावून घ्यायचं म्हणजे अर्धा तास जातो, आणि त्याची झोपमोड होते ती वेगळीच. दोन दिवस काढा.

निघण्याआधी: नावांचा घोळ

नकाशावर नुसतं नाव टाकू नका. शहापूर टाकलं तर ठाणे जिल्ह्यातलं येतं. पारगाव टाकलं तर हायवेवरचं खंडाळ्याजवळचं पारगाव येतं, ते सातारच्याही वर आहे. बहे-बोरगाव शोधताना साताऱ्याजवळच्या नागठाण्यालगतचं बोरगाव निघतं. शिंगणवाडीच्या जागी शिखर शिंगणापूर उघडतं, आणि माजगावं तर कोकणापर्यंत पसरलेली आहेत. म्हणून प्रत्येक नावापुढे तालुका टाका: शहापूर आणि मसूर ता. कराड, माजगाव आणि चाफळ ता. पाटण, बहे ता. वाळवा, पारगाव ता. हातकणंगले. पारगावातही जुनं आणि नवं अशी दोन गावं आहेत. समर्थांचा मारुती जुन्या पारगावात आहे. चाफळच्या खोऱ्यात रेंज जाते, तेव्हा नकाशा आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा.

सामान

अकरा नारळ घेऊन निघू नका. एक सोललेला नारळ अर्धा किलोच्या पुढे भरतो, म्हणजे सॅकमध्ये सहा किलो नुसते नारळच. एक नारळ चाफळला वाढवा, बाकी ठिकाणी गूळ-फुटाणे चालतात. अर्धा किलो फुटाणे आणि पाव किलो गूळ घेऊन त्याच्या अकरा पुड्या घरीच बांधा. तेल अर्धा लिटर पुरतं, एका ठिकाणी चाळीस-पंचेचाळीस मिली, म्हणजे दोन-तीन पळ्या. बाटलीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण फिरवा. उन्हात सॅक तापली की तेल पातळ होऊन आट्यांतून पाझरतं आणि सगळ्या कपड्यांना वास लागतो.

तेल मूर्तीवर ओतायचं नाही. दिव्यात घाला किंवा तिथल्या भांड्यात द्या. शहापूर आणि मसूरच्या मूर्ती चुन्यात घडवलेल्या आहेत. वरून शेंदराचा थर असला तरी आत दगड नाही. पाणी, नारळाचं पाणी, दही असलं काही सतत पडत राहिलं तर चुना सुटतो. पुजारी अडवतात ते याच कारणाने, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. गाभाऱ्यात कोणी जायचं, सोवळं लागतं का, बायकांनी कुठपर्यंत जायचं, हे प्रत्येक गावात वेगळं आहे. उंबऱ्याशी थांबून विचारायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

रुईची माळ स्वतः करणार असाल तर पानं पहाटे तोडा आणि देठाकडचा पांढरा चीक वाहून जाऊ द्या. तो चीक डोळ्यात गेला तर नुसती आग होऊन थांबत नाही, डोळ्याला इजा होते. पानं तोडलेल्या हाताने चष्मा, हेल्मेटची काच, तोंड यांपैकी कशालाही हात लावायचा नाही, आधी साबणाने धुवायचे. तासाभरात पानं थोडी मलूल झाली की देठाजवळून सुती दोऱ्यात ओवा. ताजी कडक पानं ओवायला गेलं की फाटतात. नायलॉनचा दोरा वापरू नका, निर्माल्यात तो तसाच राहतो. अकरा पानांची एक माळ पुष्कळ झाली.

पायात चप्पल किंवा फ्लोटर. दोन दिवसांत अकरा वेळा काढ-घाल करायची आहे, नाडीचे बूट पाचव्या देवळापर्यंत नकोसे होतात. मार्चनंतर जाणार असाल तर जाड सुती मोजे ठेवा, दुपारी अंगणातली फरशी पाय ठेवू देत नाही.

पहिला दिवस

साडेसहाला कराड सोडा. ओगलेवाडीवरून मसूर रस्त्याला लागा. मसूरच्या अलीकडे शहापूरचा फाटा आत वळतो. अकरांतला हा सर्वांत आधीचा, शके 1566 म्हणजे 1644 चा. मूर्ती पुरुषभर उंचीपेक्षा मोठी आणि मुद्रा थोडी उग्र. तिथून मसूर चार-पाच किलोमीटर. मसूरचा मारुती पुढच्या वर्षीचा, 1645 चा, उंची पाचेक फूट. अकरांत देखणा कोणता असं विचारलं तर बहुतेकजण मसूरच सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. गळ्यातली माळ, जानवं, कमरपट्टा हे सगळं चुन्यात किती नेमकं उतरवलंय ते बघायला दिवा जवळ असलेला बरा, म्हणून सकाळच्या पूजेच्या वेळी पोचा.

मसूरहून कृष्णा ओलांडून उंब्रज. इथे गाडीवाले हमखास चुकतात. हायवेवर चढलात की उंब्रज मागे पडतं आणि पुढच्या वळणापर्यंत परत फिरता येत नाही. सर्व्हिस रोड धरून गावात शिरा आणि समर्थांचा मठ विचारा. रुंदीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे पाट्यांवर भरवसा ठेवू नका, टपरीवाल्याला विचारा.

उंब्रजपासून चाफळ दहा-अकरा किलोमीटर, चरेगाववरून. चाफळच्या दोन-अडीच किलोमीटर अलीकडे माजगाव. इथे मूर्ती दगडातली. गावच्या शिवेवरच्या पाषाणाला मारुतीचं रूप दिलं असं सांगतात. दहा मिनिटांत दर्शन होतं.

चाफळला मात्र तासभर काढा. दहा-सव्वादहाला पोचलात तर उत्तम. राममंदिरासमोर दास मारुती आहे, हात जोडून रामाकडे तोंड करून उभा. अनेकजण त्याला नमस्कार करतात, रामाचं दर्शन घेतात आणि निघतात, मग घरी जाऊन मोजतात तर दहाच होतात. दुसरा, प्रताप मारुती, राममंदिराच्या मागे आहे. तिकडे गेल्याशिवाय चाफळ पूर्ण होत नाही. शेपूट डोक्यावर वळवलेली ती मूर्ती बघताना भीमरूपी पाठ असेल तर तिथेच म्हणा, ओळीमागून ओळ समोर दिसत जाते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात राममंदिराचं मोठं नुकसान झालं आणि ते नव्याने बांधावं लागलं, पण मागचं हे लहानसं देऊळ टिकलं. आज दिसणारं संगमरवरी राममंदिर आणि त्यामागचं जुनं बांधकाम यांच्यातला फरक त्यामुळे आहे.

शिंगणवाडी चाफळपासून जेमतेम दीड किलोमीटर. देऊळ टेकडीवर, लहान. मूर्ती चार फुटांची. गाडी खाली लावून चालत जा. बारा वाजायच्या आत हे उरकलं की सात झाले. दुपारी कराडला परत या, जेवा, झोपा. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जा. तिथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येऊन मिळतात, आणि यशवंतराव चव्हाणांची समाधीही तिथेच आहे. रात्री नऊला पाठ टेका, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचंय.

साताऱ्याहून थेट येणाऱ्यांनी हाच दिवस उलटा करावा: सात वाजता चाफळ, मग शिंगणवाडी, माजगाव, उंब्रज, मसूर, शहापूर आणि कराडात मुक्काम.

दुसरा दिवस

पाच वाजता निघा. हायवेने पेठ नाका, तिथून उजवीकडे शिराळा, एकूण पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. घाई अशासाठी की शिराळ्याच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर झरोके ठेवले आहेत. सकाळी एकातून आणि सूर्यास्ताच्या वेळी दुसऱ्यातून उजेड मारुतीच्या तोंडावर पडतो. मूर्ती सात फुटांची असल्यामुळे बाकीचं अंग अंधारात राहतं आणि तेवढा चेहरा उजळतो. आकाश स्वच्छ असलं तरच हे दिसतं, पावसाळ्यात त्यासाठी पहाट खराब करू नका. हा अकरांतला शेवटी स्थापन झालेला, शके 1576 चा. नागपंचमीच्या आठवड्यात शिराळ्यात यात्रेची गर्दी असते, तेव्हा वगळा.

शिराळ्यातच नाश्ता करून वारणा ओलांडा आणि वारणानगरवरून पारगाव गाठा. सात फुटी मारुतीनंतर इथे एकदम दीड फुटाची मूर्ती समोर येते, सपाट दगडावर कोरलेली. लोक क्षणभर गोंधळतात, हाच का म्हणून विचारतात. हाच. तिथून पाच-सहा किलोमीटरवर मनपाडळे, मूर्ती पाच फुटांची. मग वाठारला हायवेला लागा, पेठ नाका, इस्लामपूर (ईश्वरपूर) आणि बारा किलोमीटरवर बहे. चारचाकी असेल तर वाटेत किणीचा टोल आहे.

बहे शेवटी ठेवण्याचं कारण म्हणजे ते उन्हं उतरल्यावर जास्त बरं वाटतं आणि सावकाश बसता येतं. कृष्णेच्या दोन धारांमध्ये बेट आहे, त्यावर रामलिंगाचं देऊळ आणि मागे मारुती. दोन्ही हात बाजूंना असे की नदी अडवून धरली आहे. बाहूंनी प्रवाह थोपवला म्हणून बहे, अशी कथा आहे.

अकरांत अडचणीचं ठिकाण हेच. जुलै ते सप्टेंबर बेटावर जाता येईल याची खात्री नाही. इथे पाऊस नसला तरी पाणी चढतं, कारण ते कोयनेच्या विसर्गाचं असतं. पावसाळ्यात सांगलीत रोज पुलांवरची पाणीपातळी जाहीर होते: कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी, भिलवडी, आयर्विन. त्यात बहे पुलाचा आकडा बघा, आणि त्याबरोबर कोयनेतून किती क्युसेक सोडलेत तेही बघा. पाणी वाढतंय असं दिसलं तर जाऊ नका, दहा मारुती करून थांबा आणि अकरावा दिवाळीनंतर करा. काठावर गावकरी ‘आत जाऊ नका’ म्हणाले की विषय संपला. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी ओढ असते आणि खाली शेवाळ.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, पण तोच गळीत हंगाम. हा सगळा मार्ग सह्याद्री, कृष्णा, राजारामबापू, वारणा अशा साखर कारखान्यांच्या मधून जातो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना उभे असतात, रस्त्यावर ऊस सांडलेला असतो आणि वळणावर दुचाकी त्यावरून सरकते. अंधार पडायच्या आत हायवेला लागायचं, हा नियम मोडू नका. शिराळ्याच्या पहाटेच्या टप्प्यात पेठपर्यंत हायवेच आहे, पुढचे अठरा किलोमीटर मात्र हळू चालवा. शनिवारी सगळीकडे तेलाची गर्दी, फरशी निसरडी. रामनवमी आणि हनुमान जयंतीला चाफळला जायचं तर फक्त चाफळच करा, अकरांचा बेत नको.

गाडी नसेल तर

एसटीने तीन दिवस धरा, चार दिवस मिळाले तर बरं. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, मुक्कामाची गावं बदलणार असाल तर तो परवडतो. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे मुलींनी आधी साध्या तिकिटाचा हिशेब करून बघावा. रेल्वेने आलात तर कराड स्टेशन ओगलेवाडीत आहे, शहरातल्या स्टँडपासून पाचेक किलोमीटर. चाफळसाठी उंब्रजला उतरून एसटी किंवा वडाप (सीटवर माणसं भरून जाणारी खासगी गाडी). वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, सकाळी भरतं, दुपारी तास तास उभं राहतं. माजगाव, चाफळ, शिंगणवाडी हे पायीच करा, ते अंतर चालण्याजोगंच आहे. बहेसाठी इस्लामपूर स्टँडवरून गाडी मिळते, पण उतरल्याबरोबर परतीची शेवटची एसटी किती वाजता ते कंडक्टरला विचारून घ्या. पारगाव आणि मनपाडळ्याला वाठारवरून रिक्षा ठरवणं सोपं, जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट भाडं आधी बोला.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर सज्जनगड जोडा. समर्थांची समाधी तिथे आहे, 1682 ची. दुपारच्या प्रसादाला पोचायचं तर साताऱ्याहून दहाला निघा. मुक्काम करणार असाल तर दिवस मावळायच्या आत चढा, रात्री गडाचा दरवाजा बंद होतो.