लघवीतलं रक्त थांबलं म्हणून गप्प बसताय? या चुका टाळा

लघवी लाल झाली की कोल्हापुरात पहिलं निदान घरातच होतं: उन्हाळी लागली. मग धण्याचं पाणी, सब्जा, शहाळं. दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते आणि सगळे म्हणतात, बघ, उष्णता उतरली. मूत्राशयाच्या कर्करोगात पुष्कळदा असंच होतं. गाठीतून रक्त येतं, आपोआप थांबतं, पुढं कित्येक आठवडे काहीच नाही. श्रेय मात्र शहाळ्याला.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मुतखडा सरकला की कळ येते, संसर्गात जळजळ होते. काहीही न दुखता रक्त आलं तर उलट जास्त सावध व्हायचं, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. धुरातली घातक द्रव्यं रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयाच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कामात आयुष्य गेलं असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. रंगकारखान्यातले कामगार आणि हा कर्करोग यांचा संबंध जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवला होता. आपल्याकडं केसपेपरवर अजून ‘नोकरी’ एवढंच लिहिलेलं असतं.

‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ इथं बरेच जण थांबतात. लहान किंवा अस्तरालगत चपटी पसरलेली गाठ सोनोग्राफीत सुटू शकते. त्यासाठी दुर्बिणीनं मूत्राशय आतून बघावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिच्यामुळंच आलं असेल, ही समजूतही धोक्याची. लपलेली गाठ गोळीमुळं लवकर रक्त दाखवते, एवढंच.

बायकांचं निदान तर हमखास लांबतं. प्रत्येक वेळी ‘इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स. गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला द्या, तेही पहिली धार सोडून मधल्या धारेचं. कल्चरमध्ये जंतू सापडले नाहीत आणि रक्त तरीही येतंय, तर तिसरा कोर्स मागू नका, युरॉलॉजिस्टकडं जा.

गाठ दुर्बिणीतून काढली की लोक सुटलो म्हणतात. वरवरची गाठ परत उगवण्यात पटाईत असते, म्हणून पहिली तपासणी साधारण तीन महिन्यांनी असते. ती चुकवू नका. काहींना मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, बाळाला क्षयाविरुद्ध टोचतात तीच लस. हा उपयोग कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मांडला. बीसीजी सोडल्यावर एक-दोन दिवस जळजळ झाली म्हणून पुढचे डोस सोडणारे खूप, पण ताप चढून उतरत नसेल तर मात्र लगेच कळवा.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट ही ग्रंथी असते. तिच्यासाठीची पीएसए ही रक्ततपासणी लघवीच्या संसर्गात करू नका, आकडा उगाच वाढतो. बरं झाल्यावर सहाएक आठवडे जाऊ द्या. उलट वाढलेल्या प्रोस्टेटसाठीची फिनास्टेराइड ही गोळी चालू असेल तर सहा महिन्यांत आकडा साधारण निम्मा होतो, त्यामुळं कमी दिसला म्हणून खूश होऊ नका. आणि प्रोस्टेटचा कर्करोग निघालाच तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन हवंच असं नाही. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात प्रोस्टेटपुरताच मर्यादित आजार असलेले १,६४३ पुरुष होते. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये आलेल्या निकालात, नुसती देखरेख असो, ऑपरेशन असो वा रेडिएशन, या कर्करोगानं मेलेले जेमतेम तीन टक्के.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळं सांगायला हवं. वृषणात न दुखणारी कडक गाठ लागली की ‘कुस्तीत मार लागला असंल’ म्हणून लंगोट आवळला जातो. हा कर्करोग ऐन पंधरा ते पस्तिशीतला. सोनोग्राफी आणि रक्तातले मार्कर, म्हणजे या कर्करोगाची खूण दाखवणाऱ्या तपासण्या, लगेच करा. संशय असेल तर अंडकोशावर सुई टोचून तुकडा काढू देऊ नका. वृषण जांघेतून काढतात, कारण तसं टोचल्यानं आजार पसरायचा धोका असतो. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आल्यापासून पसरलेला आजारही बहुतेकांचा बरा होतो. मूल हवं असेल तर केमोच्या आधी वीर्य साठवण्याबद्दल विचारा. लाजेपोटी हा प्रश्न आईवडील विचारत नाहीत, पोरगाही विचारत नाही.