म्युनिकच्या दक्षिणेला गाड्यांशिवाय ग्रॅव्हल राइड कशी करायची: लेंगग्रीस ते टेगर्नझे, स्टेप बाय स्टेप

सायकल चालवताना आपले कान कायम मागे लागलेले असतात, पुण्यात सायकल चालवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. हॉर्न, पीएमटी बसचा ब्रेक, मागून येणारा टेम्पो, सगळं आधी कानाला कळतं. म्युनिकला आल्यावर पहिलं वर्षभर मी सायकल ट्रॅकवरसुद्धा तशीच चालवायचो. मग एकदा आल्प्सच्या पायथ्याला जंगलातल्या खडीच्या रस्त्याने निघालो, आणि तासाभराने लक्षात आलं की मागे वळून बघायचं आपण विसरलोय. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असतो की इथे राहत असाल किंवा उन्हाळ्यात येणार असाल तर हे एकदा कराच, आणि कसं करायचं ते खाली लिहितोय.

आधी हे रस्ते कुठले ते समजून घ्या

बायर्नच्या (म्हणजे बव्हेरिया, म्युनिक ज्या राज्यात आहे ते) डोंगराळ भागात जंगल खात्याचे आणि खाजगी जंगलमालकांचे खडीचे रस्ते आहेत, त्यांना फोर्स्टश्ट्रासे म्हणतात. पूर्वी तोडलेली लाकडं ओढ्यातून, इझार नदीतून खाली सोडायचे, आता ट्रक वर जातात आणि त्या ट्रकसाठीच हे रस्ते बांधलेत. म्हणून ते रुंद असतात, वळणं मोठी असतात, आणि लादलेला ट्रक उतरू शकेल असाच चढ ठेवलेला असतो. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखंच, फक्त इथे चुनखडीची पांढुरकी बारीक खडी दाबून बसवलेली असते. रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवा दांडा असतो, सायकल बाजूने निघते आणि गाडी तिथेच थांबते.

बायर्नच्या १९४६ च्या राज्यघटनेत जंगलात आणि डोंगरातल्या कुरणात फिरायचा हक्क सगळ्यांना दिलाय, कलम १४१. सायकललाही योग्य अशा रस्त्यांवर मुभा आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण सीमा ओलांडून ऑस्ट्रियात, टिरोलमध्ये शिरलात की चित्र बदलतं. तिथल्या १९७५ च्या वनकायद्याने जंगलात चालायला परवानगी आहे पण सायकलसाठी मालकाची संमती लागते, त्यामुळे तिकडे अधिकृत सायकल रूटची पाटी असलेल्याच रस्त्याने जायचं. आणि पश्चिमेला बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालत नाही. नकाशात सीमारेषा बारीक दिसते म्हणून दुर्लक्ष करू नका.

पाट्या वाचायला शिका

दोन गोल पाट्या नीट ओळखल्या की निम्मं काम झालं. लाल कडा, आत पांढरं आणि त्यात मोटारसायकल व कारचं चित्र असेल तर बंदी फक्त मोटार वाहनांना आहे, आपण जायचं, उलट ही पाटी दिसली की खूश व्हायचं. लाल कडा आणि आत नुसतंच पांढरं असेल तर सगळ्याच वाहनांना बंदी, सायकलसुद्धा आली त्यात, हातात धरून ढकलत नेता येते. खाली ‘राडफारर फ्राय’ लिहिलेलं असलं तर सायकलला सूट. आणि लाकूडतोडीसाठी रस्ता बंद केल्याची पट्टी, ‘लेबेन्सगेफार’ म्हणजे जिवाला धोका अशी पाटी दिसली तर तिथून परत फिरा, दुसरी काही चर्चाच नको. वर तोडलेलं झाड कुठल्या बाजूने घरंगळेल हे तुम्हाला खालून दिसत नाही.

रूट कसा आखायचा

प्लॅनिंगचं ॲप कुठलंही वापरा, पण ‘ग्रॅव्हल’ निवडून मिळालेल्या रूटवर डोळे झाकून विसंबू नका. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ असे दर्जे असतात, १ म्हणजे पक्का आणि ५ म्हणजे गवतातली चाकोरी. मी २ आणि ३ बघतो. रस्ता मध्येच बारीक तुटक रेषेत बदलत असेल तर ती पायवाट आहे, तिथे मुळं, दगड आणि पाठीवर सायकल. मग ‘बायर्नआटलास’ हा सरकारी नकाशा फुकट आहे त्यावर तोच तुकडा परत तपासायचा. गाड्यांचा रस्ता टाळायचा तर दोन दऱ्या जोडणारी खिंड शोधायची ही माझी पद्धत आहे, कारण डांबरी रस्ता बहुतेक वेळा दरीतूनच फिरून जातो आणि खिंडीतून जातो तो जंगलरस्ता.

पहिल्या राइडला माझ्या मते उत्तम रूट म्हणजे लेंगग्रीसहून हिर्शबाखच्या दरीने वर हिर्शटालझाटल खिंड, पलीकडे श्वार्त्सेनटेन आल्म (डोंगरातला उन्हाळी गोठा), तिथून झ्योलबाखच्या दरीने खाली बाड व्हीसझे आणि मग टेगर्नझे तळ्याच्या काठाने त्याच नावाच्या गावाचं स्टेशन. साधारण ३० किलोमीटर. लेंगग्रीस ६८० मीटरच्या आसपास आहे आणि खिंड १२०० च्या थोडी वर, म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे मीटरचा चढ, तोही जवळजवळ सगळा पहिल्या टप्प्यात.

सायकल आणि सामान

टायर ४० ते ४५ मिमी, ट्यूबलेस असतील तर फारच छान. हवा कमी ठेवा, माझं वजन ७५ किलो आहे आणि मी मागे साधारण सव्वादोन बार ठेवतो, रोडबाइकसारखी टणक हवा भरली तर सायकल खडीवर नाचते आणि चढावर मागचं चाक नुसतं फिरत राहतं. गिअरचं सांगायचं तर पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीएवढी किंवा तिच्याहून लहान हवी, नाहीतर हिर्शबाखच्या वरच्या भागात उतरून चालावं लागेल. एक स्पेअर ट्यूब, पंप, मल्टिटूल, विंडचीटर (वर घाम आलेला असतो आणि उतारावर थंडी वाजते), दीड लिटर पाणी. रोख पैसे न्या, डोंगरात कार्ड चालेलच असं नाही. बायर्नच्या बहुतेक भागात गोचीड चावून होणाऱ्या मेंदूच्या आजाराचा धोका आहे, त्याची लस मिळते, इथे राहत असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रत्यक्ष राइड

म्युनिक मुख्य स्टेशनवरून लेंगग्रीसची रीजनल ट्रेन पकडा, तासाभरापेक्षा थोडी जास्त लागते. सायकलीचं तिकीट वेगळं काढायचं, डॉइचलांड-टिकीट (देशभरच्या रीजनल ट्रेनचा महिन्याचा पास) असलं तरी. आणि महत्त्वाचं म्हणजे वाटेत होल्त्सकिर्शेन आणि शाफ्टलाखला ट्रेनचे भाग सुटे होतात, एक बायरिशत्सेलला, एक टेगर्नझेला, एक लेंगग्रीसला, तेव्हा डब्यावरचा बोर्ड वाचूनच सायकल चढवा.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून विजा कडाडतात, म्हणून सकाळी आठ-साडेआठला लेंगग्रीस सोडायचं म्हणजे दुपारच्या आत खिंड पार होते. सीझन म्हणाल तर मेच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, त्याआधी सावलीच्या उत्तर उतारांवर बर्फ राहिलेला असू शकतो.

गावातून पूर्वेला होहेनबुर्ग वाड्याच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात डांबर संपतं. ओढा शेजारी, आवाज फक्त पाण्याचा आणि टायरखाली चुरचुरणाऱ्या खडीचा. शेवटचा चढ कडक आहे. तिथे सीटवर बसूनच रहा आणि अंग थोडं पुढे झुकवा, उभं राहून पॅडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते घसरतं.

उताराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पडायला होतं ते इथेच. या रस्त्यांना पावसाचं पाणी बाजूला काढायला आडवे चर असतात, लाकडी किंवा लोखंडी पन्हळीसारखे, तळहाताएवढे रुंद, आणि ते रस्त्याला सरळ काटकोनात नसतात, तिरपे टाकलेले असतात. खडी आणि पानांनी भरले की जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. एका पावसाळी जूनमध्ये मी असाच एक ओला लोखंडी चर तिरपा घेतला, पुढचं चाक त्याच्या कडेवर सरकलं आणि कोपर सोलून निघालं, खांदा पंधरा दिवस दुखत होता. तेव्हा चर दिसला की आधीच ब्रेक मारून वेग कमी करायचा, मग ब्रेक सोडायचे, हँडल वळवून चर काटकोनात येईल असं करायचं, पेडल समांतर ठेवून सीटवरून थोडं उठायचं आणि चाकं मोकळी जाऊ द्यायची. चरावर असताना ब्रेक अजिबात नाही.

श्वार्त्सेनटेनला थांबा. आल्म म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर चारायला नेतात तिथला गोठा आणि घर, आपल्याकडे धनगर मेंढरं घेऊन डोंगर चढतात त्याची आठवण होतेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाई असतात, गळ्यात मोठ्या घंटा, वळणाआधीच ऐकू येतात. रस्त्यात बसल्या असतील तर उतरून बाजूने हळू जा, वासरू आणि गाय यांच्या मधून तर कधीच नाही. फाटक उघडलं तर आपल्या मागे लावून घ्यायचं, इतकं केलं तरी गुराख्यांची मनं जिंकाल. ताक किंवा काइझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक) मिळालं तर जरूर घ्या, सुट्टीचा वार आधी बघून ठेवा.

झ्योलबाखचा उतार सोपा आणि सुंदर आहे, पण शनिवार-रविवारी चालणारे, आजीआजोबा, ढकलगाड्या भरपूर. लांबूनच बेल वाजवा, हळू व्हा, ‘ग्रुस गॉट’ (इथला नमस्कार) म्हणा. गाड्या नाहीत म्हणजे रस्ता आपल्या एकट्याचा झाला असं नाही, इथे तर घाबरवणारे आपणच असतो. अडचण आली तर ११२.

बाड व्हीसझेनंतरचे साताठ किलोमीटर मात्र गाड्यांचा रस्ता जवळ येतो, सायकलची वाट वेगळी असली तरी आवाज येतोच, आणि सकाळभराच्या शांततेनंतर तो चांगलाच जाणवतो. तळ्याच्या उत्तर टोकाला ग्मुंडला (टेगर्नझेनंतरचं स्टेशन) ट्रेन पकडता येते, पण मी दक्षिणेकडून रोटाख-एगर्नवरून टेगर्नझेलाच जातो, कारण ट्रेन तिथून सुटते आणि रविवारी संध्याकाळी ग्मुंडपर्यंत सायकलची जागा बऱ्याचदा भरलेली असते. वीस मिनिटं आधी पोचा आणि सायकलच्या डब्यासमोर उभे रहा.