नोकरी आयटीची, रेडिओ कार्यक्रम जॅझचा: नागपुरात राहून दोन्ही कसं जमवावं

सगळ्यात आधी नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरच्या कामाबद्दलचं कलम बहुतेक कंपन्यांच्या पत्रात असतं, आणि ‘मी कुठे पैसे घेतो’ हा युक्तिवाद तिथे चालेलच असं नाही. एचआरला दोन ओळींचा मेल टाकून लेखी होकार घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर रेडिओचं काहीही करायचं नाही, एक फाइलसुद्धा ठेवायची नाही.

मग वेळ ठरवा. मिहानमधल्या, म्हणजे नागपूरच्या आयटी पट्ट्यातल्या, बऱ्याच टीमचे क्लायंट अमेरिकेत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, म्हणजे संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. सकाळ मात्र आपली. सुरुवातीला पंधरवड्याला एक तासाचा, आधीच रेकॉर्ड केलेला कार्यक्रम पुरे. लाइव्हच्या भानगडीत पडू नका. ऐन वेळी ऑफिसचं प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहकांची चालू यंत्रणा, बंद पडलं की माइकसमोर कोण बसणार?

आता खरं काम: ऐकणं. आयटीवाल्यांचा घात त्यांचीच हुशारी करते. सर्व्हर, डॅशबोर्ड, ॲप यांत महिना जातो आणि गाणी निवडायची राहूनच जातात. एका भागासाठी एकच धागा पकडा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1930 च्या दशकात लिऑन ॲबी आणि टेडी वेदरफोर्ड या अमेरिकी जॅझ वादकांचे बँड वाजत. तिथून गोव्याच्या वादकांपर्यंत या, चिक चॉकलेट नावाच्या वादकाच्या ट्रम्पेटपर्यंत, आणि मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत. ‘जॅझ आपल्याला कळत नाही बुवा’ म्हणणारा इथे कान टवकारतो, कारण तो ट्रम्पेट त्यानं लहानपणापासून ऐकलेला असतो. मुंबईत 1978 साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवावर स्वतंत्र भाग होईल. तासाभरात सात-आठ तुकडे बसतात. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं उत्तरकाळातलं काही घेतलं तर एकटंच पंधरा-वीस मिनिटं खाऊन टाकतं, ते गृहीत धरा.

बोलणं सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत ठेवा आणि सावकाश बोला. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारी रेडिओवर 1955 पासून जॅझ ऐकवणारे विलिस कोनोव्हर मुद्दाम हळू आणि सोप्या इंग्रजीत बोलत, कारण ऐकणाऱ्या पुष्कळांची ती भाषा नव्हती. वाजवून झाल्यावर कोण वाजवत होतं ते पुन्हा सांगा. आणि मराठीतच बोला, कॉर्पोरेट इंग्रजी ऑफिसला राहू द्या.

रेकॉर्डिंग घरीच होतं, पण नागपुरात एक शत्रू आहे: कूलर. मार्च संपता संपता तो खिडकीत बसतो आणि जूनपर्यंत घुरघुरतो. पंख्याचा आवाज सॉफ्टवेअरनं काढता येतो, पण मग स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला, कूलर बंद करून, दार लावून बसा. समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. कपड्यांचं उघडं कपाट पाठीमागे असेल तर घुमारा आणखी कमी होतो. अर्ध्या तासात बोलणं संपवा, नंतर घामानं बसवत नाही बाप्पा. जुळणीला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरते.

प्रसारणाचं बघू. एफएमचा परवाना एकट्या माणसाला मिळत नाही. सामुदायिक रेडिओचा परवाना शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रं आणि नोंदणीकृत संस्थांना मिळतो, तेव्हा अशा केंद्राकडे तयार भाग घेऊन जा आणि वेळ मागा. इंटरनेटवर चालवणार असाल तर आकडेमोड सोपी आहे: 128 केबीपीएस दर्जाच्या आवाजाला तासाचे साधारण 58 एमबी; एकाच वेळी 50 जण ऐकत असतील तर साडेसहा एमबीपीएसच्या आसपास अपलोड लागेल. एवढ्यासाठी घरचा सर्व्हर नको, भाड्याची होस्टिंग घ्या.

हक्कांचा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं, आणि रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर तितकीच वर्षं टिकतो. म्हणजे 1959 ची तबकडी मोकळी झाली तरी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस 1991 साली गेले, त्यांची रचना मोकळी नाही. परवान्यासाठी आयपीआरएस (रचनांचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि पीपीएल (ध्वनिमुद्रणांचे) या दोन्हीकडे विचारा.

दोन भाग नेहमी तयार ठेवा, शिवाय एक सदाबहार, कुठल्याही महिन्यात चालणारा. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजची धावपळ असेल त्या आठवड्यात तो लावायचा आणि निमूट ऑफिस करायचं.