मुका ‘के’ बोलता कसा करावा

शाळेत ‘नाइफ’चं स्पेलिंग घोकताना आपण ‘के सायलेंट’ म्हणून मोकळे झालो. पण हा के उगाच आलेला नाही. इंग्लंडमध्ये तो पूर्वी स्पष्ट उच्चारला जाई. सतराव्या शतकाच्या सुमारास तो जिभेवरून उतरला, कागदावर तेवढा राहिला. त्याचा माग काढला की शब्दांचे जुने अर्थ हाती लागतात.

आधी कोशातून ‘के-एन’ने सुरू होणारे रोजचे सात-आठ शब्द वहीत उतरवा. मग के उच्चारून ते मोठ्याने म्हणा: क्नी, क्नाइफ, क्नाइट. लाजू नका, जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतो.

आता एकेका शब्दाची व्युत्पत्ती बघा. ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ फुकट आहे. आजचा अर्थ सोडा, सर्वांत जुना टिपा. खरी गंमत इथेच आहे. नाइट म्हणजे सरदार, नेव्ह म्हणजे लबाड. पण जुन्या इंग्रजीत दोन्हींचा अर्थ एकच, पोरगा. दोन्ही पुढे ‘चाकर’ झाले. त्यातला एक राजाच्या पदरी लढता लढता मानाला चढला, दुसरा घरगडीच राहून बदनाम झाला. जर्मनमध्ये ‘क्नाबे’ अजून मुलगाच आहे आणि ‘क्नेख्ट’ गडी. पत्त्यांतल्या नेव्हला आपण गुलाम म्हणतो. तो शब्दही अरबीत मूळचा ‘मुलगा’च. आणि चहाच्या टपरीवरचा आपला पोऱ्या? तोही पोरच. लहान मुलाला कामाला जुंपायची सवय किती भाषांनी अशी जपून ठेवली आहे, हे बघून मला दर वेळी गलबलून येतं.

यानंतर संस्कृतकडे वळा. इंग्रजी आणि संस्कृत ज्या एकाच मूळ भाषेतून आल्या, तिच्यातला ‘ग’सारखा ध्वनी इंग्रजीच्या घराण्यात ‘क’ झाला, संस्कृतात ‘ज’. ‘ग’चा ‘क’ होण्याचा हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडला. तो लावून बघा: ‘नी’शेजारी जानु येतो, आपल्या आजानुबाहूतला. ‘नो’शेजारी ज्ञा, म्हणजेच आपलं जाणणं. ग्रीकमधून आलेल्या ‘डायग्नोसिस’मध्ये तर तो ग अजून ऐकू येतो.

अक्षरं जुळली म्हणून नातं मात्र गृहीत धरू नका. ‘निकर्स’ गुडघ्यापर्यंत येते, म्हणून ती ‘नी’वरून आली असेल असं वाटतं. तसं नाही. 1809 साली न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास लिहिणाऱ्याने ‘निकरबॉकर’ हे डच आडनाव घेतलं होतं. त्या पुस्तकाच्या चित्रांतल्या ढगळ विजारींना पुढे ते नाव पडलं, त्याचंच आखूड रूप ‘निकर्स’. कोशाचा आधार मिळेपर्यंत अशा शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

वहीचं पुढचं पान ‘डब्ल्यू-आर’ला द्या. मनगटाचा ‘रिस्ट’, कपडे पिळण्याचा ‘रिंग’ आणि चुकीचा ‘राँग’ शेजारी लिहा, आणि तिघांत मिळून पीळ कुठे आहे ते शोधा.